‘तोंड आवरा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वजन म्हणजे साधी बेरीज-वजाबाकी; जनुकं हे नुसतं निमित्त; बहात्तरच्या दुष्काळात कुणाची जनुकं आडवी आली होती? उतरलेलं वजन परत चढलं, म्हणजे त्या माणसाने तोंड आवरलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुष्काळाचं आधी घेऊ. अन्नच मिळालं नाही तर कुणीही वाळतो, हे नाकारतंय कोण? ताट पुन्हा समोर आल्यावर काय होतं, ते बघायला हवं. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हातात बंदूक घ्यायला तत्त्व म्हणून नकार देऊन, युद्धसेवेऐवजी स्वखुशीने आलेली ही मुलं. त्यांच्यात जिद्द नव्हती असं कोण म्हणेल? त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. ती ताटं चाटू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, दिवसभर खाण्याचंच बोलू लागली. आणि पोटभर जेवण सुरू झाल्यावरही कित्येकांची भूक भागेना. अंगावरची चरबी तर आधीपेक्षा जास्त चढली.

आता बेरीज-वजाबाकी. हिशोब खरा आहे, पण त्यातले आकडे शरीर स्वतःच बदलतं. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं. स्वस्थ पडून असताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे चार-पाच पोळ्या! (अर्थात ते फार झपाट्याने बारीक झाले होते, सगळ्यांचं इतकं होतं असं नाही.) दुसरी बाजू भुकेची. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दहा आठवडे कडक डाएट केलेल्यांची भुकेची संप्रेरकं वर्षभरानंतरही जागेवर आली नव्हती.

जनुकं निमित्त? 1990 च्या कॅनडातल्या प्रयोगात एकसारख्या जुळ्यांच्या 12 जोड्यांना 84 दिवस रोज 1000 कॅलरी जादा खायला घातल्या. कुणाचं वजन 4 किलोंनी वाढलं, कुणाचं 13 किलोंनी. पण जोडीतल्या दोघांचं बरंचसं सारखं. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्यांची अंगकाठीही वाढवणाऱ्या आईबापांवर नाही, जन्मदात्यांवर गेलेली आढळली.

‘मग पूर्वी इतके लठ्ठ लोक का नव्हते?’ मेसेजमधला हा एकच प्रश्न दमदार आहे. जनुकं तीच राहिली. खाणं स्वस्त, चविष्ट आणि हाताशी आलं, अंगमेहनत गेली. त्या बदलात कुणाचं किती वाढणार, यात जनुकांचा वाटा मोठा. तोही एखाद्या जनुकाचा नव्हे: एफटीओ या लठ्ठपणासाठी गाजलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती ‘वाईट’ निघाल्या तरी सरासरी फरक 3 किलोंचा.

शेवटचा टोमणा, ‘इंजेक्शनं आळशांसाठी’. वजन घटवण्याच्या या इंजेक्शनांमधलं एक औषध, सेमाग्लुटाइड, मुख्यतः भूक शमवतं, जिद्द वाढवत नाही. एका मोठ्या चाचणीत ते थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. माणसं तीच होती.