आम्लाने धुतलं म्हणजे पुरावाच धुतला?

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: बॅक-आर्क बेसाल्ट (ज्वालामुखींच्या चापामागे समुद्रतळावर थिजलेला लाव्हा-खडक) गरम हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊन मग स्ट्रॉन्शियम मोजायचं, म्हणजे खाली घुसलेल्या प्लेटच्या द्रवाची खूण पुसायची आणि ‘प्रावरण (कवचाखालचा थर, जो वितळून हा लाव्हा होतो) मध्यसागरी रांगेसारखंच, म्हणजे प्लेटच्या द्रवाशिवायचं’ म्हणून मोकळं व्हायचं. आक्षेपात दम आहे. समुद्राचं पाणी आणि प्लेटचा द्रव, दोन्ही नमुन्याला आलेखावर एकाच बाजूला ढकलतात: स्ट्रॉन्शियम-८७/८६ हे समस्थानिकांचं गुणोत्तर वर जातं, निओडिमियमचं जागच्या जागी राहतं.

बेसाल्टात स्ट्रॉन्शियम १५० पीपीएम (दहा लाखांत १५० भाग), गुणोत्तर ०.७०३० धरा. समुद्राच्या पाण्यात ८ पीपीएम, ०.७०९२. किलोभर खडकाची किलोभर पाण्याशी पूर्ण देवाणघेवाण झाली तर खडक ०.७०३३ वर जातो. यंत्र पाचव्या दशांश स्थळापर्यंत वाचतं, तेव्हा हा फरक थोडाथोडका नाही. निओडिमियम पाण्यात इतकं नगण्य की ते हलवायला खडकाच्या लाखो पट पाणी लागेल.

मात्र दोन्ही खुणा बसतात वेगवेगळ्या जागी. प्लेटचा द्रव प्रावरण वितळण्याआधीच त्यात मुरतो, म्हणून काचेत (झटकन थिजलेल्या लाव्ह्यात) आणि स्फटिकांतही उतरतो. समुद्राचं पाणी मागून येतं आणि भेगांतल्या चिकणमातीत, पॅलागोनाइटच्या (पाण्याने बदललेल्या काचेच्या) तपकिरी सालीत बसतं. आम्ल आधी तेच खातं.

नमुना अर्धा ते एक मिलिमीटरपर्यंत फोडा, सूक्ष्मदर्शकाखाली साल लागलेले कण वेचून काढा, ६ नॉर्मल आम्लात १०० अंशांच्या आसपास तासभर ठेवा, पिवळट आम्ल ओतून घ्या, पुन्हा तेच. (ताज्या काचेला एवढं जालीम आम्ल नको, सौम्य आम्लात थोडा वेळ पुरे.) ओतलेलं आम्ल फेकू नका, सगळी मेख तिथेच आहे. समजा त्यात ०.७०४५ आलं, उरलेल्या कणांत ०.७०३१, आणि दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यानंतरही कण तिथेच थांबले, तर गेलं ते समुद्राचं. आकडा दर धुण्याला उतरतच राहिला तर नमुना सोडा. खडकातलं प्लॅजिओक्लेज हे खनिजच बदललेलं असण्याची शक्यता मोठी.

शिवाय द्रवाची खूण खरंच धुऊन जात असती, तर पॅसिफिकमधल्या टोंगाजवळच्या लाऊ खोऱ्यातले, ज्वालामुखी चापाला खेटून असलेल्या वालू फा रांगेचे नमुने धुतल्यावर मध्यसागरी रांगेच्या पट्ट्यात यायला हवे होते. ते वरच राहतात. न धुतलेल्या ताज्या काचेतलं सीरियम/शिसं हे गुणोत्तरही पडताळायला हाताशी असतं: मध्यसागरी बेसाल्टात ते २५ च्या आसपास, द्रव मिसळला की खाली येतं.

धुतलेल्या कणांवर रुबिडियम किंवा बेरियम मात्र मोजू नका, आम्लाने ती प्रमाणं बिघडवलेली असतात. वयाच्या दुरुस्तीची (रुबिडियम क्षय पावून काळाबरोबर स्ट्रॉन्शियम-८७ वाढतं, त्याची) चिंता त्या मानाने फुकाची: रुबिडियम ५, स्ट्रॉन्शियम २०० पीपीएम असेल तर दोन कोटी वर्षांत फरक पडतो ०.००००२.

तुमचं एक मान्य. प्रावरण हिंद महासागराच्या धर्तीचं की पॅसिफिकच्या, हे मी आधी स्ट्रॉन्शियमवरून ठरवल्यासारखं लिहिलं, ते चूक. त्यासाठी हाफ्नियम आणि निओडिमियम एकत्र मांडावे लागतात, कारण द्रवातून हाफ्नियम जवळजवळ येतच नाही. शिशातही हिंद धर्तीची ओळख पटते (त्याच शिसं-२०६/२०४ ला शिसं-२०८/२०४ जास्त), पण शिसं द्रवाबरोबर सहज वाहून येतं, म्हणून एकट्या शिशावर भिस्त नको.