उत्तर : ‘केंब्रिज पाहिलं, पण युनिव्हर्सिटी दिसलीच नाही’

नमस्कार. मे महिन्यातल्या आमच्या मराठी पायी सहलीबद्दल तुम्ही लिहिलंत : दोन तास नुसते दरवाजे पाहिले, युनिव्हर्सिटी कुठे दिसलीच नाही, किंग्ज कॉलेजच्या चॅपलचं तिकीट वेगळं पडलं आणि सेनेट हाउससमोर आईंना वीस मिनिटं उभं राहावं लागलं. त्या दिवशी तुमच्याबरोबर मीच होते, म्हणून उत्तरही मीच देते.

आधी आईंबद्दल. चूक पूर्ण माझी. किंग्ज परेडवर कॉलेजसमोर बुटकी भिंत आहे, तिथे सगळे बसतात. सेनेट हाउससमोर सांगितलेली गोष्ट त्यांना तिथे बसवून सांगता आली असती. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला दिसायला हवं होतं. त्यांची मनापासून माफी मागते.

दरवाजांचंही तुमचं बरोबर आहे. साधारण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांमुळे बरीच कॉलेजं पाहुण्यांसाठी बंद असतात. आत मुलं राहतात, अभ्यास करतात, त्यामुळे त्यावर माझी तक्रार नाही. पण हे तुम्हाला पैसे भरण्याआधी कळायला हवं होतं आणि आमच्या पानावर ते अगदी तळाला होतं. आता ते तारखेच्या शेजारी लिहिलंय, चॅपलचं तिकीट वेगळं असतं हेही. तुमची निम्मी रक्कम परत पाठवली आहे.

‘युनिव्हर्सिटी दिसली नाही’ याचं मात्र मला जास्त वाईट वाटलं, कारण दोन तास तुम्ही तिच्यातूनच चालत होतात. 1209 साली ऑक्सफर्डहून काही विद्वान इथे आले, तेव्हापासून ती गावातच वाढत गेली. एक फाटक, एक आवार असं तिचं काही नाही. कॉलेजं 31, प्रत्येकाचा कारभार वेगळा, पदवी मात्र विद्यापीठाची. हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. आपल्याकडच्या कॅम्पसची सवय असलेल्या माणसाला ते आपोआप कसं उमजणार?

सेनेट हाउससमोरची वीस मिनिटं मी यापुढेही कमी करणार नाही. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा मुलगा, सेंट जॉन्स कॉलेजचा विद्यार्थी, 1899 साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत विभागून पहिला आला. सीनियर रँग्लर, म्हणजे या परीक्षेत पहिले, येणारे ते पहिले भारतीय. 1909 पर्यंत हा निकाल इथे, सेनेट हाउसमध्ये, क्रमवार जाहीर होत असे, त्यामुळे पहिला कोण हे साऱ्या देशाला कळायचं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे नंतर पुण्याला परतले आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. ‘रँग्लर’ हा शब्द आपल्या घराघरांत गेला तो इथून. मराठी माणसाला मी हे सांगायचं नाही, तर कुणाला सांगायचं?

क्वीन्स कॉलेजच्या लाकडी पुलाबद्दल तुम्ही विचारलंत की नावाड्याचं खरं की माझं. तो न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला, ही गोष्ट नदीवर सर्रास सांगतात. न्यूटन वारला 1727 मध्ये, पूल झाला 1749 मध्ये. आराखडा विल्यम एथरिजचा, बांधला जेम्स एसेक्सने, आणि आज आपण पाहतो तो 1905 मध्ये पुन्हा उभारलेला आहे. न्यूटनशी नातं सांगणारं झाड ट्रिनिटीच्या दाराशी आहे, त्याच्या गावच्या सफरचंदाच्या झाडाच्या वंशातलं. ते तुम्हाला दाखवलं होतं.

एक गोष्ट मी त्या दिवशी सांगायला विसरले आणि ती मला अजून टोचते. सत्र चालू असताना किंग्जच्या चॅपलमध्ये बहुतेक संध्याकाळी साडेपाचला गायनासह प्रार्थना असते. तिला तिकीट नसतं, कुठल्याही धर्माच्या माणसाला बसता येतं. 1515 मध्ये पुरं झालेलं ते पंख्यासारखं दगडी छत आणि त्याखाली मुलांचे आवाज. जयंत नारळीकर याच कॉलेजचे फेलो होते.

आईंना घेऊन परत आलात तर आधी एक निरोप टाका. पैसे नकोत. पाचला त्या बुटक्या भिंतीपाशी भेटू, म्हणजे आत जाण्याआधी त्यांना थोडं बसता येईल.