ब्लेंडर घेताना वॅट नंतर विचारा, आधी भांडं उलटं करून बघा

कुणी भारीतला ब्लेंडर घ्यायचं ठरवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती वॅटचा घेऊ?" इतकी मोठी रक्कम मोजणाऱ्या माणसाला मी दर वेळी एकच सांगते. वॅटवर अडू नका. भांडं हातात घ्या, उलटं करा, पात्याची बैठक (पातं ज्यावर फिरतं तो तळातला भाग) कशी बसवली आहे ते बघा आणि उद्या ती बिघडली तर बदलून मिळेल का, हे विचारा. यंत्र आठ-दहा वर्षं टिकणार की तिसऱ्या वर्षी माळ्यावर जाणार, हे तिथे ठरतं.

आधी त्या आकड्याचं बघू. काही खोक्यांवर '३ हॉर्सपॉवर' असं ठळक छापलेलं असतं. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे तिन्ही मिळून २,२०० च्या वर. आता ज्या देशांत घरात १२० व्होल्टची वीज येते, तिथला १५ अँपियरचा साधा सॉकेट जास्तीत जास्त १,८०० वॅट देतो. मग वरचे ४०० वॅट आले कुठून? कुठूनच नाही. त्या आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'पीक' लिहिलेलं असतं. मोटर क्षणभर जिथवर पोचू शकते तो हा आकडा. ती सलग दोन मिनिटं घट्ट मिश्रण फिरवताना किती ताकद देते, ते यावरून कळत नाही. शिवाय खोक्यावरचे वॅट बहुतेक वेळा मोटर वीज किती खाते ते सांगतात, पात्यापर्यंत किती पोचते ते नाही. चांगल्या यंत्राला दमदार मोटर लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण एका विशिष्ट दर्जाच्या वर गेलं की सगळ्यांच्याच मोटरी पुरेशा असतात आणि फरक दुसरीकडे पडतो.

तो पडतो भांड्यात. ब्लेंडरचं सगळं काम एका गोष्टीवर चालतं, पदार्थ पुन्हा पुन्हा पात्यापाशी यायला हवा. मधे भोवरा तयार होतो, वरचं खाली ओढलं जातं, कडेनं वर चढतं आणि परत मधे पडतं. मिश्रण पातळ असेल तर हे आपोआप होतं. घट्ट असेल, म्हणजे गोठवलेली फळं, बदामाचं बटर, असलं काही, तर पात्याभोवती हवेचा पोकळ फुगा धरतो. पाती त्या पोकळीत नुसती फिरत राहतात, मोटरचा आवाज एकदम चढतो आणि वरचं मिश्रण जागचं हलत नाही. अशा वेळी मोटर दुप्पट ताकदीची असली तरी उपयोग शून्य, कारण पात्याला काही लागतच नाहीये. उपयोगी पडतो तो झाकणातून आत घालायचा दांडा. झाकण लावलेलं असताना तो पात्यापर्यंत पोचणार नाही अशा बेतानं त्याची लांबी ठरवलेली असते. दांडा नसलेलं भारी यंत्र मी कुणाला सुचवणार नाही, बाकी कितीही गुण असोत.

भांड्याचा आकारही तितकाच महत्त्वाचा. २ लिटरचं रुंद भांडं दुकानात छान दिसतं. घरात दोनच माणसं असतील तर मात्र त्यात एवढंसं मिश्रण पडतं, ते भिंतींवर उडून चिकटतं आणि पाती रिकामी फिरतात. तुम्ही रोज जेवढं करता तेवढ्यानं पाती पूर्ण बुडतील असं भांडं घ्या. पाहुण्यांच्या दिवशी दोनदा फिरवा.

पात्यांच्या धारेबद्दल मोठा गैरसमज आहे. अनेक उत्तम यंत्रांची पाती हाताला बोथट लागतात आणि लोक नाराज होतात. थोडा हिशोब करू. साडेसात सेंटिमीटर व्यासाचं पातं मिनिटाला २०,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या आसपास जातो. त्या वेगानं बसणारा फटका आणि द्रवात निर्माण होणारी ओढाताण यांनीच बहुतेक काम होतं. १९५२ साली आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी आनुवंशिकतेवरच्या आपल्या प्रसिद्ध प्रयोगात बॅक्टेरियाला चिकटलेली विषाणूंची कवचं सुटी करायला स्वयंपाकघरातला ब्लेंडरच वापरला होता. इतक्या सूक्ष्म गोष्टी कुठलंही पातं कापू शकत नाही. हे काम फिरणाऱ्या द्रवाच्या ओढाताणीनं झालं. तेव्हा बोथट पाती हे वाईट यंत्राचं लक्षण नाही. पातं जाड आणि मजबूत हवं, बर्फावर आपटून वाकणार नाही असं.

'सूप प्रोग्रॅम' हाही असाच एक जाहिरातीचा मुद्दा. आत हीटर नसलेल्या यंत्रात सूप गरम होतं ते घुसळण्यानं, कारण मोटरची ताकद शेवटी उष्णताच होते. १ लिटर पाण्यात १,००० वॅट सतत जात असतील तर तापमान मिनिटाला साधारण १४ अंशांनी चढतं. म्हणजे पाच-सहा मिनिटांत वाफा. दमदार मोटर असलेलं कुठलंही यंत्र हे करेल, त्या बटणात फक्त वेळ आणि वेग भरून ठेवलेले असतात. याचीच दुसरी बाजू अशी की थंड पेय बराच वेळ फिरवलं तर ते कोमट होतं. म्हणून चांगल्या यंत्राचा खरा फायदा हा, की अर्ध्या-पाऊण मिनिटात काम संपतं. आणि एक कळकळीची विनंती. गरम पदार्थ उलट्या बसवायच्या बंद कपांत कधीही फिरवू नका. वाफेला वाट नसते, दाब वाढतो आणि कप उघडताना उकळता पदार्थ अंगावर येऊ शकतो. गरमासाठी झाकणाला हवा जायची सोय असलेलं मोठं भांडंच हवं.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. ब्लेंडरमध्ये सहसा आधी जातं ते बेअरिंगचं सील. पात्याचा दांडा भांड्याच्या तळातून खाली येतो. तिथे बेअरिंग असतं आणि त्याच्या वर द्रव अडवणारं सील. सील झिजलं की पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, गंज धरतो. मग करकर आवाज येतो, तळाखाली काळपट ओघळ दिसतात आणि शेवटी गळती लागते. मोटर ठणठणीत असते, पण लोक अख्खं यंत्र टाकून देतात! हे बघून मला मनापासून वाईट वाटतं. चांगल्या कंपनीच्या भांड्यात ही पात्याची बैठक नट काढून बदलता येते, निदान नुसतं भांडं वेगळं विकत मिळतं. घेण्याआधी विचारायचं ते हेच. बैठक बदलता येते का, भांडं सुटं मिळतं का, जुन्या मॉडेलचे भाग कंपनी किती वर्षं ठेवते. उत्तर देताना विक्रेता अडखळला तर तिथून निघा.

भांडं पाण्यात बुडवून ठेवू नका, सील त्यानंच लवकर जातं. वापरून झालं की लगेच कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, अर्धा मिनिट फिरवा, विसळा आणि सुकायला ठेवा.

मोटर आणि भांडं जोडणारा कपलरही बघा. काही यंत्रांत तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. पाती अडकली तर फ्यूजसारखा तो आधी जातो आणि मोटर वाचते. तो सुटा मिळत असेल तर ही उत्तम सोय आहे.

भारी ब्रँडांची वॉरंटी ७ ते १० वर्षांची असते आणि किमतीचा बराचसा भाग त्यासाठीच असतो. भांडं त्यात धरलंय का, हे मात्र वाचून घ्या.

काच की प्लास्टिक? मी ट्रायटनसारख्या बिस्फेनॉल-ए हे रसायन नसलेल्या प्लास्टिकच्या बाजूची आहे. काच ओरखडे घेत नाही, वासही धरत नाही, पण भरलेलं काचेचं भांडं जड होतं आणि पडलं की संपलं. स्टील टिकाऊ, पण आत काय चाललंय ते दिसत नाही आणि ब्लेंडर चालवताना डोळ्यांचं काम मोठं असतं. प्लास्टिक धुरकट झालं तर आधी व्हिनेगरच्या पाण्यानं पुसून बघा, बऱ्याचदा तो नुसता क्षारांचा थर असतो.

टचस्क्रीन आणि ॲप मला नको आहेत. मला गोल फिरणारं बटण हवं, कमी वेगापासून सुरू करून हळूहळू चढवत नेता येणारं. घट्ट मिश्रणात हवेचा फुगा धरला की वेग उतरवायचा, दांड्यानं ढकलायचं, परत चढवायचा. हे हाताला कळतं. ठरावीक मिनिटांच्या प्रोग्रॅमला ते कळत नाही.

आवाज सगळ्यांचाच मोठा. एका मान्य मर्यादेनुसार ८५ डेसिबल ८ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ डेसिबलला १ तास. रोजच्या मिनिटभरानं कानांना धोका नाही. पण घरात तान्हं बाळ असेल तर दुकानात यंत्र चालवून ऐकाच.

आणि तुम्ही फक्त पिकलेली फळं नि दूध फिरवणार असाल तर एवढा खर्च करू नका, साधं यंत्र ते छान करतं. भाज्या चिरायच्या असतील तर फूड प्रोसेसर घ्या, ब्लेंडर त्याचा लगदा करेल. बर्फ, सुका मेवा, रेशेदार पालेभाज्या हे रोजचं असेल तरच या वर्गात या. तेव्हाही कंपनीनं स्वतः दुरुस्त करून वॉरंटीसह विकलेलं मागच्या पिढीचं मॉडेल आधी शोधा. बऱ्याचदा त्यात मोटर आणि भांडं नव्याच्या तोडीचं असतं, नसतो तो फक्त स्क्रीन.

ज्यांच्याकडे दहा वर्षांहून जुनं यंत्र अजून चालू आहे त्यांनी जरूर लिहा, बैठक कधी बदलली आणि भाग सहज मिळाले का. नवीन घेणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होईल.