निव्वळ वजन

माझा लॅपटॉप पंचवीस हजार रुपये किलो आहे. ही माहिती मला नको होती. गेल्या गुरुवारी संध्याकाळी मुंबईहून पुण्याला येताना शेजारच्या सीटवरच्या काकांनी ती मला फुकट दिली, आणि माझ्यासोबत निम्म्या डब्यालाही दिली.

काका वैधमापन खात्यातून निवृत्त झालेले, म्हणजे वजनमापे निरीक्षक. नाव सांगायच्या आधी त्यांनी हे सांगितलं. मला रात्रीच्या आत एका पाणलोट प्रकल्पाचा अहवाल पाठवायचा होता, म्हणून दादर सुटल्यावर मी समोरची फळी उघडून लॅपटॉप काढला. अकरा इंची स्क्रीन. पुढचा माणूस सीट मागे टाकून घोरायला लागला तरी तो सुखाने उघडतो. आधीचा पंधरा इंची या फळीवर अर्धाच उघडायचा आणि मी स्क्रीनकडे कुलपाच्या भोकातून बघितल्यासारखी बघायचे.

"खरा आहे का हो?" काकांनी विचारलं.

"हो."

"नाही, माझ्या नातवाकडे डिट्टो असाच आहे. बटण दाबलं की ए फॉर ॲपल म्हणतो."

मी हसले. प्रवासात पहिल्या विनोदाला हसायचं नसतं, त्याचा अर्थ परवाना दिला असा होतो.

"वजन किती म्हणालात?"

मी काहीच म्हणाले नव्हते. पण वजन हा माझा अभिमानाचा विषय. खांद्याच्या डॉक्टरांनी जुनं धूड उचलायला बंदी घातल्यावर मी हा घेतला. "नऊशे ऐंशी ग्रॅम," मी म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"खोक्यावर लिहिलंय."

"खोक्यावर!" काकांनी पलीकडे खिडकीशी बसलेल्या काकूंकडे बघितलं. काकूंनी डोळे मिटून घेतले. हा स्वर त्यांच्या ओळखीचा असावा. "ताई, माझी सगळी नोकरी खोक्यावर काय लिहिलंय आणि आत काय भरतंय हे बघण्यात गेली. किंमत?"

"साडेचोवीस हजार."

काका छताकडे बघून पुटपुटले. पाढे म्हणणाऱ्या पिढीतला माणूस, मोबाइल काढला नाही. "चोवीस हजार पाचशे भागिले नऊशे ऐंशी... पंचवीस रुपये ग्रॅम. पंचवीस हजार रुपये किलो. शेष शून्य!" शेष शून्य आल्याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो मागच्या सीटवाल्यांनाही कळवला. मागून कुणीतरी म्हणालं, "केशर याहून महाग आहे." काका म्हणाले, "असेल, पण केशराला चार्जर लागत नाही."

मग त्यांना आठवलं. "चार्जर धरून नऊशे ऐंशी का वगळून?"

"वगळून."

"अस्सं."

या "अस्सं"नंतर शहाण्या माणसाने कल्याणला उतरून लोकल धरावी. पण अहवाल जायचा होता, आणि काकूंनी मला न विचारता राजगिऱ्याचा लाडू दिला होता.

काकांनी पायाशी ठेवलेल्या बॅगेतून हातकाटा काढला. विमानाच्या बॅगा तोलायला मिळतो तो, पट्टा आणि हूक असलेला, मुठीवर छोटा आकडा उमटणारा. मुलगी अमेरिकेत असते. तिकडच्या विमानात एका बॅगेला तेवीस किलोची मर्यादा, आणि तेवीस किलोत चकलीची भाजणी किती, गोडा मसाला किती आणि कपडे नेलेच पाहिजेत का, हा वाद विमानतळावर करण्यापेक्षा घरी केलेला बरा, म्हणून तो घेतलेला. पण चालत्या गाडीत तोलायला काका तयार नव्हते. "आकडा नाचतो. कर्जतला तोलू." घाट चढायला कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात, तेवढा वेळ डबा स्थिर असतो. म्हणजे बदलापूर, वांगणी, नेरळ, भिवपुरी असा सगळा रस्ता मी तारखेची वाट बघणाऱ्या आरोपीसारखा काढला. अहवालात एक ओळ पुढे सरकली नाही.

गाडी थांबली. वडापाववाले ओरडायला लागले. काकांनी आधी काटा शून्यावर आणला. मग रेल्वेत मिळते ती एक लिटर पाण्याची सीलबंद बाटली मागच्या मुलाकडून मागून घेतली आणि काट्याला टांगली. "एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वर प्लॅस्टिकचे वीसेक ग्रॅम. काटा आधी तपासायचा, मग माल." १.०२. काटा पास झाला. मग लॅपटॉप एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टांगला. चोवीस हजार पाचशे रुपये मेथीच्या जुडीसारखे हवेत लोंबकळत होते आणि मी खालून दोन्ही हात धरून उभी होते. ०.९९.

"पिशवीचे दहा ग्रॅम वजा. बरोबर भरतोय," काका थोडे नाराज होऊन म्हणाले. मला वाटलं सुटले.

"आता बाकीचं काढा."

बाकीचं म्हणजे चार्जर. या लॅपटॉपला दोनच भोकं, त्यातलं एक चार्जर खातो, म्हणून चार भोकांचा जोडडबा, म्हणजे हब. आतली जागा पुरत नाही म्हणून बाहेरची हार्ड डिस्क. टचपॅड बिस्किटाएवढा, म्हणून माउस. प्रोजेक्टरची वायर. आणि हे सगळं एकमेकांत गुंतू नये म्हणून चेन लावलेला बटवा. एकेक वस्तू पिशवीत पडत होती आणि काका मोठ्याने आकडा वाचत होते. शेवटचा आकडा १.९३ किलो आला.

"ताई, मिठाई खोक्यासकट तोलणाऱ्या दुकानदारांवर मी खटले भरलेत. खोक्याचं वजन मिठाईच्या भावाने विकायचे. पण हा प्रकार मी नोकरीत बघितला नाही. हा लॅपटॉपवाला खोकं तोलून दाखवतोय आणि मिठाई तुम्हाला वेगळी घ्यायला लावतोय."

डबा हसला. मीही हसले, पण मला राग आला होता. काकांचा आला होताच, पण त्याहून जास्त राग ते बरोबर बोलत होते याचा आला.

हा धंदा तसा जुना आहे. २००७ साली असूस कंपनीने ई पीसी हा छोटा लॅपटॉप काढला तेव्हा निदान सगळं उघड होतं. सात इंची स्क्रीन, आत चार जीबी जागा, वजन किलोच्या आत, आणि किंमतही त्याच मापाची. लहान आहे म्हणून स्वस्त आहे, पटलं तर घ्या. पुढच्याच जानेवारीत ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जने भर सभेत कागदाच्या पाकिटातून मॅकबुक एअर हा लॅपटॉप बाहेर काढला आणि जगाने टाळ्या वाजवल्या. पाकिटात काय मावलं ते सगळ्यांनी बघितलं. बाहेर काय राहिलं ते दुकानात कळलं. सीडीची खाच नाही, नेटची वायर लावायला जागा नाही, यूएसबीचं भोक एकुलतं एक. सीडी हवी तर ड्राइव्ह ९९ डॉलरला वेगळा, नेटच्या वायरीचं जोडणं २९ डॉलरला वेगळं. तेव्हापासून वस्तूतून काहीतरी काढून टाकलं की तिला 'हलकी' म्हणायचं आणि काढलेलं काउंटरवर मांडायचं, अशी रीत पडली. आता मेमरीसुद्धा आतल्या मदरबोर्डवर कायमची झाळून टाकतात. चार जीबीची आठ करायची म्हटलं तर दुकानदार आपल्याकडे दयेने बघतो आणि म्हणतो, "मॅडम, नवीनच घ्या."

हे मी काकांना सांगायला नको होतं. पण आता माझीच गाडी घाटाला लागली होती. तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात तो नेहमीचा निरोप आला. अपडेट करायचंय, जागा अपुरी आहे. काकांनी चष्मा वर केला. "जागा किती दिली होती?"

"चौसष्ट जीबी."

"आणि इथे तर एकोणसाठ दाखवतोय."

मी समजावलं. बनवणारा हजाराच्या हिशेबाने जीबी मोजतो आणि विंडोज १०२४ च्या हिशेबाने. त्यामुळे मुळातल्या चौसष्टचे साडेएकोणसाठ दिसतात आणि त्यातलं बरंचसं विंडोज स्वतःच व्यापतं. दोन मापांचा घोटाळा नको म्हणून १९९८ साली १०२४ वाल्याला गिबीबाइट असं वेगळं नाव दिलंय, पण विंडोज काही ते वापरत नाही. आणि गंमत म्हणजे विंडोज ११ ला कमीत कमी जागा लागते तीच मुळी चौसष्ट. म्हणजे घर घेतलं ते घरमालकाच्याच सामानाएवढं.

काका बराच वेळ गप्प. बोगदा आला, गेला. मग एखादी दुःखद बातमी सांगावी तसे म्हणाले, "विकणाऱ्याचं माप वेगळं, मोजणाऱ्याचं वेगळं. मापात पाप. शेर, पायली, मण यांचा हा तंटा मिटवायला सरकारने १९५६ साली कायदा केला हो. आणि हे सगळ्या जगात राजरोस चाललंय?"

"हो."

"आणि तुम्ही अहवाल लिहिताय."

याला काय उत्तर द्यायचं? देशातला मापाचा भ्रष्टाचार मी पाणलोटाच्या नादात होऊ दिला, असा तो सूर होता.

लोणावळ्यापर्यंत काट्याची कीर्ती डबाभर पसरली. एक जण चिक्कीचं पाकीट घेऊन आला. दहा ग्रॅम जास्तच भरलं, त्याने ते काट्याच्या पाया पडून परत नेलं. मग मागच्या पाणीवाल्या मुलाने आपला गेम खेळायचा लॅपटॉप आणला. तांबडे दिवे लागणारा, सुटकेस असावी असा. अडीच किलो, त्यात विटेएवढ्या चार्जरची भर. काकांनी त्याच्या कडा बघितल्या. तिन्ही बाजूंना भोकंच भोकं. त्याच्या पाठीवर थोपटून ते म्हणाले, "हा बघा, प्रामाणिक माल."

मला खरंच लागलं ते. माझ्या लॅपटॉपची मी बाजू घेतली. रात्री पोटावर ठेवून मालिका बघता येते, त्या सुटकेसने बरगडी मोडेल. याला पंखा नाही, त्यामुळे मध्यरात्री काम करताना घरात कुणी जागं होत नाही. "पंखा नाही, मग तापल्यावर काय करतो?" मुलाने विचारलं. हळू होतो, मी म्हणाले. मुलाने आणि काकांनी एकमेकांकडे बघितलं. काकूंनी मला दुसरा लाडू दिला.

शिवाजीनगरला उतरताना काकांनी माझा नंबर घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलांच्या चित्राखाली मजकूर आला: ग्राहक आयोगाकडे तक्रार करायचीच, त्यांनी कागदावर मसुदा लिहिलाय, फोटो सोबत, "तुम्ही फक्त टाइप करा. ९८० ग्रॅमच्या यंत्रावर हलक्या हाताने होईल."

आता मी मराठी इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर टाइप करते. त्यात अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे सगळे डाव्या हाताला शिफ्ट दाबून येतात, म्हणजे शिफ्ट दाबायची उजवी. माझ्या कीबोर्डवर जागा वाचवायला उजवी शिफ्ट करंगळीच्या नखाएवढी केलीय आणि तिच्या अलीकडे वर जायचा बाण बसवलाय. 'अ' लिहायला जावं तर बोट बाणावर पडतं, कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो आणि शिफ्ट न लागल्यामुळे 'अ'च्या जागी हलन्त उमटतो, तोही तिथे जो शब्द सापडेल त्याचा पाय मोडून. मागच्या अहवालात एका सरपंचांचा असाच 'स्रपंच' झाला. त्यांनी फोन करून विचारलं होतं की हे नवीन पद आहे का आणि मानधन किती.

काकांच्या मसुद्यात पहिला शब्द 'अर्जदार' आहे. पुढे दर ओळीला 'अर्जदाराने', 'अर्जदारास', 'अर्जदाराची आर्थिक व मानसिक'. मी अर्ध्या पानावर आहे. वरच्या शीर्षकात 'आयोग' होता, तो आता वाचता येत नाही. काकांचे आत्तापर्यंत तीन निरोप आलेत, तिसऱ्यात विचारलंय की मोठा कीबोर्ड वेगळा विकत मिळतो का, आणि त्याचं वजन किती.