दात-ओठ खाऊन रोइंग मशीन पळत नाही

‘रोइंग मशीनवर वेळ कमी करायची चार गुपितं’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. (रोइंग मशीन म्हणजे सरकत्या सीटवर बसून, वल्हं मारल्यासारखं हँडल ओढायचं व्यायामाचं यंत्र.) लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, पण शेवटी ‘सगळे चॅम्पियन हेच करतात’ असं ठासून सांगितलंय. एरवी असलं काही मी न वाचताच उडवतो. काल मात्र तो ताईकडून आला, खाली प्रश्न : ‘अरे, उद्यापासून असं करून बघू का?’ ताई रक्तदाबाची गोळी घेते आणि मेसेजमधलं दुसरं गुपित आहे श्वास रोखण्याचं. त्यामुळे क्रम मोडून आधी तेच घेतो.

‘ओढताना श्वास रोखून धरा, ताकद दुप्पट होते.’ दुप्पट म्हणे! हवा आत कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि त्यासोबत रक्तदाबही उसळतो. 1985 साली मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी अनुभवी बॉडीबिल्डर्सचा रक्तदाब थेट धमनीत मोजला होता. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना त्यांचा सरासरी उच्चांक निघाला 320/250. कबूल, तिथली वजनं अचाट होती आणि रोइंगच्या एका स्ट्रोकला, म्हणजे एकदा ओढून परत पुढे येण्याला, तेवढा जोर लागत नाही. पण मिनिटाला 28 स्ट्रोक धरले, तर आठ मिनिटांच्या 2000 मीटरमध्ये सव्वादोनशे वेळा श्वास कोंडावा लागेल. गोळी चालू असलेल्या माणसाला हा सल्ला बिनधास्त फॉरवर्ड करणाऱ्यांना काय म्हणावं?

बरं, धोका बाजूला ठेवला तरी वेळ कमी होतो का? 2000 मीटरला लागणारी बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनवरच तयार होते. तोच अडवला तर उरलेलं अंतर कशावर कापणार? साध्या वेगात एका स्ट्रोकला एक श्वास पुरतो : ओढताना सोडायचा, सीट पुढे जाताना घ्यायचा. जोर वाढला की बरेच रोअर दोन श्वास घेतात. एक उच्छ्वास ओढ संपताना, दुसरा छोटासा, गुडघे छातीजवळ दुमडले जातात तेव्हा. हे आधी सावकाश गतीत बसवावं लागतं. धाप लागल्यावर शिकायला गेलात तर लय हमखास चुकते. मेसेजमध्ये अर्धं सत्य एवढंच की ओढ सुरू होताना कंबर-पोट घट्ट हवं. पण पोट घट्ट ठेवूनही श्वास चालू राहतो, माणूस बोलूसुद्धा शकतो. खुर्चीत बसल्या बसल्या करून बघा.

आता पहिलं गुपित : ‘मुठी आवळा, दात आवळा, रागाने ओढा.’ हँडल बोटांच्या आकड्यात अडकवायचं असतं, त्याचा गळा दाबायचा नसतो. जोराचा मोठा वाटा पायांचा. आवळलेला जबडा आणि कानाला टेकलेले खांदे हँडलला काहीच देत नाहीत, उलट हात आधी भरून येतात आणि पाय शिल्लक असताना माणूस थांबतो. सैल राहायचं म्हणजे जोर कमी लावायचा असा अर्थ लोक काढतात, तो साफ चुकीचा. पायांनी हवं तेवढं ढकला. ज्या स्नायूंचं काम नाही त्यांना मात्र सोडा. त्यासाठी वेळही प्रत्येक स्ट्रोकमध्येच मिळतो. मिनिटाला 24 च्या गतीला एक स्ट्रोक अडीच सेकंदांचा, त्यातली ओढ जेमतेम सेकंदभराची. बाकीचा वेळ सीट पुढे सरकण्याचा, म्हणजे बोटं, खांदे, जबडा ढिले करण्याचा. रागात माणूस नेमका तिथेच घाई करतो.

रागाचा हिशेब आकड्यांतही बसत नाही. या मशीनवर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. स्प्लिट म्हणजे 500 मीटरला लागणारा वेळ. 2:00 मिनिटांचा स्प्लिट म्हणजे साधारण 203 वॅट, 1:55 चा म्हणजे 230. फक्त पाच सेकंद वाचवायला 27 वॅट जास्त. पहिल्या मिनिटात चेव येऊन हे उधळलेत तर त्याची वसुली तिसऱ्या 500 मीटरमध्ये होते.

तिसरं गुपित : ‘मन दुसरीकडे न्या, डोळे मिटून गाणी ऐका, मॉनिटर झाका.’ चॅम्पियनच्या नावावर हे खपवणाऱ्यांसाठी 1977 चा मॉर्गन आणि पोलॉक यांचा अभ्यास पुरेसा आहे. त्यांनी अव्वल मॅरेथॉनपटूंना धावताना मनात काय चालतं ते विचारलं. मन दुसरीकडे नेण्याची सवय निघाली ती कमी दर्जाच्या धावपटूंत. अव्वल मंडळी श्वासावर, पायांवर लक्ष ठेवून होती आणि स्वतःला सैल राहण्याची आठवण करून देत होती. ते धावपटू होते, रोअर नव्हते, पण ‘सगळे चॅम्पियन’ हा दावा कोसळायला तेवढं बस्स.

गाण्यांबद्दल नाइलाजाने थोडं मान्य करतो : हलक्या-मध्यम व्यायामात संगीताने श्रम कमी जाणवतात. पण दम तुटायला लागला की शरीराची हाक इतकी मोठी होते की गाणं मागे पडतं. तेव्हा कामाला येतात छोट्या गोष्टी. पुढचे दहा स्ट्रोक फक्त पायांच्या ढकलण्यावर लक्ष, त्यानंतरचे दहा खांदे खाली ठेवण्यावर. मॉनिटरवर स्प्लिट तेवढा बघा. उरलेले मीटर सारखे मोजत बसलात तर ते संपता संपत नाहीत. आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर ‘मन दुसरीकडे’ वगैरे काही नाही, हँडल सोडून थांबायचं.

चौथं गुपित, ‘डॅम्पर 10 वर ठेवा, तरच खरा व्यायाम.’ डॅम्पर म्हणजे मशीनच्या पंख्याजवळची 1 ते 10 आकड्यांची खिट्टी, ती पंख्यात किती हवा जाते तेवढंच ठरवते. फ्लायव्हील, म्हणजे ओढीने फिरणारं आतलं चाक, किती लवकर मंदावतं ते मोजून मॉनिटर हिशेब जुळवून घेतो, त्यामुळे 10 वर फुकटचे मीटर मिळत नाहीत. मिळते ती दुखरी कंबर. 3 ते 5 वर ठेवा आणि विसरा.