फिनलंडचं प्रत्येक गाव द्विभाषिक? नाही!

भाषावाद पेटला की एक मजकूर फिरतो: "फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे फक्त ५ टक्के. तरी तिथलं प्रत्येक गाव द्विभाषिक, प्रत्येकाला दोन्ही भाषा येतात, शाळा दोन्ही भाषांतून चालते आणि दवाखान्यापर्यंत सगळं नगरपालिका दोन्ही भाषांत पुरवते." ५ टक्के हा आकडा ठीक. पुढचं तपासू.

प्रत्येक गाव? तीनशेहून अधिक नगरपालिकांपैकी द्विभाषिक आहेत सुमारे ३३. ऑलंड बेटांवरच्या १६ तर निव्वळ स्वीडिश. २००४ पासून लागू असलेल्या भाषा कायद्याची कसोटी अशी: नगरपालिकेत फिनिश आणि स्वीडिश अशा दोन्ही भाषांचे लोक हवेत आणि त्यांतली अल्पसंख्य भाषा किमान ८ टक्के किंवा किमान ३००० लोकांची हवी. म्हणूनच वान्ता शहरात स्वीडिश भाषक अडीच टक्क्यांहूनही कमी असूनही ते द्विभाषिक आहे; शहर मोठं, त्यामुळे डोकी ३००० च्या वर जातात. दर्जा जाण्यासाठी मात्र संख्या ३००० च्या खाली आणि प्रमाण ६ टक्क्यांच्या खाली, दोन्ही व्हावं लागतं. हिशोब दर दहा वर्षांनी होतो. लोह्या हे शहर या कसोटीत बसत नाही, पण तिथल्या नगरपालिकेच्या परिषदेनेच मागणी करून द्विभाषिक दर्जा राखला. (आपल्याकडे महत्त्वाच्या सूचना अल्पसंख्य भाषेत काढण्यासाठीचा निकष १५ टक्के आहे.)

अल्पसंख्य म्हणजे स्वीडिशच, हेही गृहीत धरू नये. रासेपोरी शहरात जवळपास दोन-तृतीयांश लोक स्वीडिश भाषक, म्हणून तिथल्या पाटीवर स्वीडिश नाव वर आणि फिनिश खाली. वासा शहरात उलट.

प्रत्येकाला दोन्ही भाषा येतात? इथेच खरी गल्लत आहे. कायद्याचं बंधन कार्यालयावर आहे, रहिवाशावर नाही. तुम्ही अर्ज फिनिशमध्ये करा किंवा स्वीडिशमध्ये, सांभाळून घेणं नगरपालिकेचं काम. परिषदेच्या सभेची सूचना आणि इतिवृत्त दोन्ही भाषांत काढावंच लागतं. इतर समित्यांचं काय करायचं ते नगरपालिका ठरवते. सभेत सदस्य आपापल्या भाषेत बोलतो. दुसऱ्याला कळलं नाही, तर त्याने मागितल्यास थोडक्यात समजावून सांगायचं, एवढंच. आणि लोकसंख्या नोंदणीत मातृभाषा एकच लिहिता येते. आई स्वीडिश, वडील फिनिश अशा घरातल्या मुलाचीही एकच. म्हणजे ज्या आकड्यांवर हा दर्जा ठरतो, त्यांत द्विभाषिक माणूस मोजलाच जात नाही!

शाळा? द्विभाषिक गावात साधारणपणे फिनिश शाळा वेगळी, स्वीडिश शाळा वेगळी. दुसरी भाषा फक्त विषय म्हणून. फिनिश शाळांत सक्तीचं स्वीडिश सहावीपासून, आणि त्याला 'पाक्कोरुओत्सी' (लादलेलं स्वीडिश) म्हणून नाकं मुरडणारे भरपूर. मजकुरातल्या वर्णनाच्या जवळ जाणारा प्रकार म्हणजे 'भाषास्नान' वर्ग, ज्यांत फिनिश भाषक मुलं बालवाडीपासून स्वीडिशमध्ये रमतात. सुरुवात १९८७ साली वासा शहरात झाली. पण तो पालकांनी निवडायचा पर्याय आहे.

दवाखाना तर आता नगरपालिकेकडे नाहीच. १ जानेवारी २०२३ पासून आरोग्य आणि समाजसेवा कल्याण-क्षेत्रांकडे (म्हणजे अनेक नगरपालिका मिळून केलेल्या विभागांकडे) गेल्या (हेलसिंकी शहराचा अपवाद). क्षेत्रात वेगवेगळ्या भाषांच्या नगरपालिका असतील किंवा एक जरी नगरपालिका द्विभाषिक असेल, तर ते क्षेत्रही द्विभाषिक ठरतं. कागदावर हक्क शाबूत आहे. प्रत्यक्षात अडतं ते स्वीडिश येणारी परिचारिका त्या पाळीला आहे की नाही, यावर.