कुसळाचा भात आणि एक फॉरवर्ड

पेरणीच्या तोंडावर आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूर-वडगाव भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "रानभात आणि आपला भात या वेगळ्या जाती. निसर्गानंच मध्ये कुंपण घातलंय. संकर होत नाही, झालाच तर खेचरासारखा वांझ. बांधाला रानभात असला तरी घरचं बियाणं बिनधास्त धरा." लिहिणाऱ्यानं भातात कधी भांगलण केलेली दिसत नाही.

कुंपण आहे, पण वेगळ्या जातीचं नव्हे. भाताचं फूल सकाळी दहा-बाराच्या सुमारास उमलतं, बहुधा स्वतःच्याच परागानं फळतं आणि बाहेर पडलेला पराग काही मिनिटांत मरतो. म्हणून संकर कमी होतो, शेकड्याला एक दाणाही क्वचितच. पण रानभात बांधालाच असला आणि दोन्ही एकदम निसवले, तर एकरातल्या दाण्यांचा हिशेब करा की.

हा संकराचा दाणा पुढच्या साली उगवतो तेव्हा रोप भांगलणीत ओळखू येत नाही. निसवल्यावर कळतं: लांब कुसळं, काळपट टरफल. गेल्या सुगीत अशी एक लोंबी मी नुसती मुठीत धरली, तर दाणे तळहातावर आणि हातात काडी. विळा लागायच्या आधी झडलेलं हे बी मातीत राहतं. लावणीच्या शेतात चिखलणीत बरंचसं मरतं. आपल्या धूळवाफ पेरणीत, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेल्या पेरणीत, मात्र पिकाच्या बरोबरीनं वर येतं.

वांझ म्हणाल, तर भाताला गवतासारखं खुजं करणारा विषाणूरोग आला तेव्हा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं ६,००० वर वाण तपासले. प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातल्या एका रानभातात. त्याच्या संकरातून १९७४ साली आयआर २८ सारखे वाण आले.

उसाचं तर विचारूच नका. चिकोडी-अथणीत आज उभा असलेला ऊस हा काशाच्या गवताचा नातू-पणतू आहे. कोइमतूरला १९१२ मध्ये केलेल्या संकरातून को २०५ हा वाण निघाला, तिथून ही वंशावळ चालू आहे.

भुईमुगापुरतं मेसेजवाल्याचं बरोबर. पिकाची गुणसूत्रं ४०, बहुतेक रानटी नातलगांची २०, संकर वांझ. पण ते नातलग दक्षिण अमेरिकेत. आपल्या बांधावर येणार कुठून?

तेव्हा बियाणं धरायचं तर बांधाकडच्या ओळी सोडून शेताच्या मधलं धरा, आणि कुसळाची लोंबी दिसली की दाणे झडायच्या आत ताटासकट उपटा.